चार गुण कुठून आले? २०१६ च्या एनबीए फायनलमधल्या सातव्या सामन्याचा बॉक्स स्कोर

क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्स ९३, गोल्डन स्टेट वॉरिअर्स ८९. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि तिच्या फायनलमध्ये आधी चार सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो; हा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. तारीख १९ जून २०१६, ठिकाण ओकलंडचं ओरॅकल अरीना. भारतात सोमवारची पहाट होती. या सामन्यावर भरपूर बोललं गेलंय आणि बहुतेकांच्या तोंडी एकच कारण असतं: स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसनचे थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे फटके) पडले नाहीत, म्हणून वॉरिअर्स हरले. कागदावर तसं दिसतंही. करीचे १४ पैकी ४ थ्री पडले आणि थॉम्पसनचे १० पैकी २. दोघांचे मिळून २४ पैकी ६, म्हणजे बरोबर २५ टक्के.

हे कारण अपुरं आहे, असं माझं मत आहे. त्याच सामन्याचा बॉक्स स्कोर (खेळाडूगणिक आकड्यांचा तक्ता) एकेक रकाना घेऊन, बेरीज-वजाबाकी करत वाचला की पराभवाची जागा वेगळी निघते. हा सामना अभ्यासासाठी निवडण्याचं कारण हेच. त्यात सगळ्यांच्या लक्षात राहिलेले प्रसंग खरे आहेत, आकडेही खरे आहेत, पण त्या दोघांना जोडणारं स्पष्टीकरण घाईत केलेलं आहे.

मागची गोष्ट, थोडक्यात

त्या मोसमात वॉरिअर्सनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते, तो विक्रम आहे. करीने साखळीत ४०२ थ्री मारले आणि एकमताने एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) ठरला. फायनलमध्ये वॉरिअर्स ३-१ ने पुढे होते आणि तोपर्यंत फायनलमध्ये ३-१ च्या पिछाडीवरून कुठलाच संघ जिंकलेला नव्हता. फ्लॅग्रंट (गंभीर, धसमुसळ्या) फाउलचे गुण साठल्यामुळे त्यांच्या ड्रेमंड ग्रीनला पाचव्या सामन्यात बाहेर बसावं लागलं. त्याच सामन्यात त्यांचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) अँड्र्यू बोगटच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याची सिरीज तिथेच संपली. ग्रीनच्या निलंबनावर खूप चर्चा झाली. बोगटच्या गुडघ्यावर तितकी झाली नाही. पुढचं विश्लेषण वाचताना हे नाव ध्यानात ठेवा.

कॅव्हेलिअर्सनी पाचवा आणि सहावा सामना जिंकून बरोबरी केली. पाचव्यात लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग या दोघांनीही प्रत्येकी ४१ गुण केले. क्लीव्हलंड शहराला कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळातलं विजेतेपद १९६४ नंतर मिळालेलं नव्हतं.

सातव्या सामन्याआधीच्या सहा सामन्यांचे गुण मी जरा थांबून मांडतो, कारण सरासरी कशी फसवू शकते याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. वॉरिअर्सनी जिंकलेले सामने: १०४-८९, ११०-७७, १०८-९७. कॅव्हेलिअर्सनी जिंकलेले: १२०-९०, ११२-९७, ११५-१०१. आता दोन्ही बाजूंची बेरीज करा. वॉरिअर्स ६१०, कॅव्हेलिअर्स ६१०. एका गुणाचाही फरक नाही! नुसती बेरीज पाहणाऱ्याला वाटेल की सहाही सामने अटीतटीचे झाले असणार. प्रत्यक्षात एकही सामना ११ पेक्षा कमी फरकाने सुटलेला नव्हता आणि दोन सामन्यांत तर फरक ३० किंवा त्याहून जास्त होता. पुढे सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी झाली, तेव्हा सिरीजची बेरीज ६९९-६९९ होती.

गुण कुठून आले

क्वार्टरनुसार गुण असे होते. वॉरिअर्स: २२, २७, २७, १३. कॅव्हेलिअर्स: २३, १९, ३३, १८. हाफ टाइमला वॉरिअर्स ४९-४२ ने पुढे आणि तिसऱ्या क्वार्टरनंतरही ७६-७५ ने पुढे. शेवटच्या बारा मिनिटांत १३ गुण, तेही त्या मोसमात सामन्याला सरासरी ११४.९ गुण करणाऱ्या संघाचे. पहिली नजर त्या १३ वरच जाते. तिथे पोचण्याआधी पूर्ण सामन्याची फोड करू.

| | वॉरिअर्स | कॅव्हेलिअर्स |
|---|---|---|
| दोन गुणांचे बास्केट | ४२ पैकी १७ = ३४ गुण | ५७ पैकी २७ = ५४ गुण |
| थ्री | ४१ पैकी १५ = ४५ गुण | २५ पैकी ६ = १८ गुण |
| फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे फटके) | १३ पैकी १० = १० गुण | २५ पैकी २१ = २१ गुण |
| एकूण | ८९ | ९३ |

छापील बॉक्स स्कोरमध्ये दोन गुणांच्या फटक्यांचा रकाना नसतो. फील्ड गोलचा (फ्री थ्रो सोडून, थ्री धरून सगळ्या फटक्यांचा) आकडा असतो आणि थ्रीचा आकडा असतो. दोनचा आकडा आपण वजाबाकी करून काढायचा. या प्रकरणातलं सगळं महत्त्वाचं त्या वजाबाकीत आहे.

थ्रीमधून वॉरिअर्सना २७ गुणांची आघाडी मिळाली. ज्या फटक्यांनी त्यांना हरवलं असं म्हणतात, त्याच फटक्यांत ते प्रतिस्पर्ध्याच्या २७ गुण पुढे होते. दोन गुणांच्या बास्केटमध्ये ते २० ने मागे पडले आणि फ्री थ्रोमध्ये ११ ने. २७ वजा ३१. उरले ते चार गुण.

मोसमातल्या सवयीशी ताडून पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. त्या मोसमात वॉरिअर्सचे ४१.६ टक्के थ्री पडत होते. त्या हिशेबाने ४१ पैकी १७ पडायला हवे होते, पडले १५. म्हणजे दोन कमी, सहा गुणांचा घाटा. कॅव्हेलिअर्सचं मोसमाचं प्रमाण सुमारे ३६ टक्के होतं, म्हणजे २५ पैकी ९ अपेक्षित होते, पडले ६. त्यांचा घाटा तीन थ्रीचा, नऊ गुणांचा. थ्रीच्या बाबतीत नशीब रुसलं असं म्हणायचं असेल, तर ते क्लीव्हलंडवर जास्त रुसलं होतं.

मग करी आणि थॉम्पसनचं काय? ते नेहमीपेक्षा खूप खाली गेले, यात वाद नाही. करी ४५.४ टक्क्यांनी आणि थॉम्पसन ४२.५ टक्क्यांनी मारत होता. त्या दोघांच्या २४ प्रयत्नांत दहा-अकरा थ्री अपेक्षित होते, आणि आले सहा. ही तूट ग्रीनने बरीचशी भरून काढली. त्याने ८ पैकी ६ थ्री मारले, त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा जवळजवळ तीन जास्त. संघाचा थ्रीचा आकडा म्हणूनच जेमतेम दोनने घसरला. तारे चुकले की डोळ्यांत भरतं आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या माणसाने भरपाई केली की ती विसरली जाते. बेरीज मात्र सगळ्यांची मिळून होते.

रेषेच्या आत

दोन गुणांच्या फटक्यांत वॉरिअर्सचं मोसमाचं यश ५२ टक्क्यांच्या पुढे होतं. म्हणजे ४२ प्रयत्नांत साधारण २२ बास्केट. झाले १७. पाच बास्केट कमी, दहा गुण कमी. शिवाय ४२ प्रयत्न हाच आकडा लहान आहे. नेहमी ते सामन्याला पंचावन्नच्या आसपास असे फटके घेत आणि थ्री ३१-३२. सातव्या सामन्यात त्यांच्या ८३ फटक्यांपैकी जवळजवळ निम्मे रेषेबाहेरून होते. आत जायचा रस्ता बंद झाल्यावर संघ बाहेरून मारत राहतो, आणि आत गेलं नाही की फाउल मिळत नाहीत, फ्री थ्रो मिळत नाहीत. वॉरिअर्सना मोसमात सामन्याला सरासरी वीसहून जास्त फ्री थ्रो मिळत होते. इथे १३ मिळाले. दोन गुणांची तूट आणि फ्री थ्रोची तूट मला म्हणून वेगळ्या वाटत नाहीत. दोन्ही एकाच गोष्टीतून येतात.

आता आत कोण चुकलं ते पाहू. करीचे दोन गुणांचे ५ पैकी २. थॉम्पसनचे ७ पैकी ४. ग्रीनचे ७ पैकी ५. तिघांचे मिळून १९ पैकी ११, म्हणजे ५८ टक्के. चांगलंच म्हणायला हवं. उरलेल्या सगळ्या वॉरिअर्सचे मिळून २३ पैकी ६.

२३ पैकी ६. या सामन्याच्या बॉक्स स्कोरमधला सर्वांत जड आकडा माझ्या मते हाच आहे आणि तो छापलेला कुठेच नाही. सव्वीस टक्के, तेही रेषेच्या आतून, आणि त्यातले कितीतरी प्रयत्न बास्केटच्या अगदी जवळून. हॅरिसन बार्न्स एकूण १० पैकी ३. त्याआधीच्या दोन सामन्यांत तो १४ पैकी २ आणि ८ पैकी ० होता, म्हणजे शेवटच्या तीन सामन्यांत मिळून ३२ पैकी ५. आंद्रे इग्वोडाला ६ पैकी २. बोगटच्या जागी सुरुवातीपासून उतरवलेला फेस्टस इझेली ४ पैकी ०, शून्य गुण.

इथे बोगटचं नाव परत येतं. बोगट फार गुण करणारा खेळाडू नव्हता, त्याच्या गुणांच्या रकान्यावरून त्याची उणीव मोजायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. करी-थॉम्पसनसाठी भक्कम स्क्रीन लावणं (बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं), आत कापत आलेल्या खेळाडूच्या हातात नेमका पास देणं, आणि बचावात बास्केटसमोर उभं राहणं ही त्याची कामं. तो असताना बार्न्स-इग्वोडालाला ले-अप (बास्केटजवळचे सोपे फटके) मिळत. तो नसताना कॅव्हेलिअर्सचे बचावपटू बार्न्स, इग्वोडाला आणि इझेलीला सोडून करी-थॉम्पसनच्या अंगावर जाऊ शकले. या तिघांना मोकळे फटके मिळाले तरी चालेल, हा हिशेब कॅव्हेलिअर्सचे कोच टायरन लू यांच्या संघाने बचावाच्या वागण्यातून उघड मांडला होता. तो बरोबर ठरला.

एक आक्षेप आधीच घेतो, कारण जाणकार तो घेणारच. थ्रीला दीडपट वजन देऊन काढलेली टक्केवारी, म्हणजे इफेक्टिव्ह फील्ड गोल, वॉरिअर्सची ४७.६ आहे आणि कॅव्हेलिअर्सची ४३.९. नेमबाजीत वॉरिअर्सच सरस होते. मैदानी फटक्यांतून त्यांनी ७९ गुण केले, कॅव्हेलिअर्सनी ७२. मग सामना फक्त फ्री थ्रोवर फिरला असं का म्हणू नये? म्हणता येईल, आणि गणित चुकणार नाही. पण फ्री थ्रो आभाळातून पडत नाहीत. कॅव्हेलिअर्सनी दोन गुणांचे ५७ प्रयत्न केले, वॉरिअर्सनी ४२. जो संघ बास्केटकडे जास्त वेळा धावला त्याला फ्री थ्रो जास्त मिळाले. बास्केट आणि फ्री थ्रो मिळून रेषेच्या आतल्या खेळाचे गुण मोजले तर ७५ विरुद्ध ४४ असे येतात. मोजून ३१ चा फरक.

रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले बॉल) ४८ विरुद्ध ३९, कॅव्हेलिअर्सच्या बाजूने. त्यावर जास्त रेंगाळत नाही, ते याच कथेला धरून आहे.

हरलेल्या बाजूचा सर्वोत्तम खेळ

ड्रेमंड ग्रीन: ४७ मिनिटं, ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट, १५ पैकी ११ फील्ड गोल, ८ पैकी ६ थ्री, ४ पैकी ४ फ्री थ्रो. पहिल्या हाफमध्येच २२ गुण आणि ५ पैकी ५ थ्री. त्या रात्री मैदानावर याहून चांगली ओळ कुणाचीच नव्हती. लेब्रॉनचीही नाही. पाचव्या सामन्यातल्या निलंबनाचं ओझं घेऊन आलेल्या माणसाने घरच्या मैदानावर इतकं करून दाखवलं आणि त्याला हरल्याचं चित्रच लोकांना आठवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रिपल-डबलला (तीन रकान्यांत दहा किंवा जास्त) त्याला एक असिस्ट कमी पडला. असिस्ट हा आकडा पास देणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो, पण तो पूर्ण करणारा दुसरा असतो. ग्रीनच्या पासवर सहकाऱ्याचा आणखी एक फटका पडला असता तर ओळ ३२-१५-१० झाली असती, आणि तरी ग्रीनने स्वतः केलेलं काम तसूभरही बदललं नसतं. आकड्यांवरून खेळाडूची तुलना करताना नऊ आणि दहा यांच्यात भिंत उभी करू नये, ती या कारणासाठी.

ट्रिपल-डबल लेब्रॉनच्या नावावर लागलं: २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट. फायनलच्या सातव्या सामन्यात हे करणारा तो तिसरा. पहिला जेरी वेस्ट, १९६९ मध्ये, ४२-१३-१२. दुसरा जेम्स वर्दी, १९८८ मध्ये, ३६-१६-१०. वेस्टचा लेकर्स संघ तो सामना १०८-१०६ असा हरला होता आणि तरीही फायनलचा एमव्हीपी वेस्टच ठरला. ग्रीनची आठवण काढताना हा दाखला मला नेहमी जवळचा वाटतो.

लेब्रॉनची नेमबाजी मात्र सुमार होती, २४ पैकी ९. टक्केवारीच्या जोरावर कुणी म्हणेल की त्याने फटके वाया घालवले. पण कॅव्हेलिअर्सचे एकूण ३३ बास्केट झाले. त्यातले ९ त्याने स्वतः केले आणि ११ त्याच्या पासवर झाले. ३३ पैकी २० बास्केटमध्ये त्याचा थेट हात होता. शिवाय १० पैकी ८ फ्री थ्रो. संपूर्ण सिरीजमध्ये गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (हिसकावलेले बॉल) आणि ब्लॉक (अडवलेले फटके) या पाचही रकान्यांत दोन्ही संघांत मिळून तोच पहिला होता: सरासरी २९.७, ११.३, ८.९, २.६ आणि २.३.

अर्व्हिंगने २३ पैकी १० मारत २६ गुण केले. जे. आर. स्मिथचे १२, ट्रिस्टन थॉम्पसनचे ३ पैकी ३ फटक्यांत ९.

आणि केव्हिन लव्ह. ९ पैकी ३, ९ गुण, १४ रिबाउंड. गुणांवर नजर टाकून पुढे जाणारा माणूस या ओळीवर थांबणार नाही. शेवटच्या रकान्यात मात्र प्लस-मायनस आहे: अधिक १९, त्या सामन्यातला सर्वांत मोठा आकडा. तो मैदानावर असताना कॅव्हेलिअर्सनी वॉरिअर्सपेक्षा १९ गुण जास्त केले. संघ एकूण ४ ने जिंकला, म्हणजे तो बाकावर असताना ते १५ ने मागे पडले. एका सामन्याच्या प्लस-मायनसवर फार भार टाकू नये, हे खरं. सोबत कोण खेळतंय आणि समोर कोण आहे यावर तो पुष्कळ हलतो. तरी १४ रिबाउंड आणि अधिक १९ एकाच ओळीत दिसले, तर त्या खेळाडूचं चित्रीकरण परत बघावं.

८९-८९

चौथ्या क्वार्टरच्या मध्यावर वॉरिअर्स ८७-८३ ने पुढे होते. इझेली मैदानात होता आणि स्विच होऊन (बचावपटूंनी आपापले खेळाडू बदलून घेतल्याने) लेब्रॉनसमोर आला. लेब्रॉनने थ्रीसाठी हात उचलला, इझेलीने फाउल केला आणि तीन फ्री थ्रो गेले. ८७-८६. याच सुमाराला करीने पाठीमागून हात फिरवून थॉम्पसनकडे पास दिला आणि बॉल थेट मैदानाबाहेर गेला. मग परत इझेली समोर, परत लेब्रॉन, आणि यावेळी थ्री पडला. ८९-८७. लेब्रॉनचा त्या सामन्यातला हा एकमेव थ्री, पाच प्रयत्नांतला. बोगट नसल्याची किंमत इथे सरळ गुणांत मोजता येते: इझेली समोर असताना दोन चालींत सहा गुण.

थॉम्पसनच्या ले-अपने ८९-८९ झाले तेव्हा घड्याळात ४ मिनिटं ३९ सेकंद उरले होते. त्यानंतर वॉरिअर्सनी एकही गुण केला नाही. त्यांचे शेवटचे नऊच्या नऊ फटके चुकले.

त्या नवांपैकी एक इग्वोडालाचा ले-अप. अर्व्हिंगचा फटका चुकला, रिबाउंड इग्वोडालाने घेतला, करीकडे दिला, करीने परत त्याला. पुढे एकटा जे. आर. स्मिथ. स्मिथने उडी मारून इग्वोडालाला बॉल क्षणभर खाली आणायला लावलं, आणि तेवढ्यात मागून अख्खं मैदान धावत आलेल्या लेब्रॉनने तो बॅकबोर्डवर दाबला. १ मिनिट ५० सेकंद बाकी. बास्केटबॉल पाहणारा क्वचितच कुणी असेल ज्याने हा ब्लॉक पाहिला नाही. बॉक्स स्कोरमध्ये तो लेब्रॉनच्या तीन ब्लॉकपैकी एक आहे. स्मिथची उडी कुठेच नाही. आणि वॉरिअर्सच्या बाजूला तो दोन गुणांच्या २५ चुकलेल्या फटक्यांपैकी एक. या अभ्यासाच्या दृष्टीने मला ही नोंद अधिक बोलकी वाटते. तो ब्लॉक विलक्षण होता, पण ज्या रकान्यात तो पडला तो रकाना सामनाभर गळतच होता.

५३ सेकंद उरले असताना स्मिथने स्क्रीन लावला. हेतू हाच होता की करी स्विच होऊन अर्व्हिंगसमोर यावा. तो आला. अर्व्हिंगने उजव्या बाजूला एक पाऊल मागे घेऊन त्याच्या डोक्यावरून थ्री मारला. ९२-८९. ‘अर्व्हिंग, थ्री: २’ एवढंच कागदावर दिसतं, त्यातला एक पहिल्या मिनिटाला पडला असता तरी नोंद हीच राहिली असती.

पुढच्या चालीत करीसमोर लव्ह आला. मोठा, जड, बाहेरच्या बचावात कच्चा समजला जाणारा खेळाडू, आणि समोर मोसमात ४०२ थ्री मारलेला माणूस. करीने एक-दोन हुलकावण्या दिल्या, बॉल ग्रीनकडे दिला, परत घेतला, परत प्रयत्न केला. लव्ह प्रत्येक वेळी अंगाला चिकटून राहिला. थ्री चुकला. लव्हच्या नावावर ना ब्लॉक, ना स्टील. बचावाचा इतका मोठा क्षण आणि त्याची नोंद करीच्या ‘१४ पैकी ४’ मध्ये विरघळून गेली. लव्हच्या बाजूला उरलं ते त्या अधिक १९ मधलं एखादं-दुसरं चिल्लर. शेवटी १०.६ सेकंद राहिले असताना लेब्रॉन डंकसाठी (बॉल वरून बास्केटमध्ये दाबायला) उडाला, ग्रीनने फाउल केला, लेब्रॉन मनगटावर आपटला. दोन फ्री थ्रोपैकी दुसरा पडला. ९३-८९.

आपल्या मैदानांसाठी

मुंबईत नागपाड्याला किंवा पुण्यात जिल्हा स्पर्धेत टेबलावर बसणाऱ्यांना फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) स्कोअरशीट पाठ असतो. त्यात रिबाउंड नाहीत, असिस्ट नाहीत, चुकलेले फटकेही नाहीत. गुण, फाउल आणि टाइमआउट. पण त्यात एक गोष्ट आहे जी एनबीएच्या छापील बॉक्स स्कोरमध्ये नाही: चढता स्कोर. प्रत्येक बास्केट क्रमाने आणि खेळाडूच्या नंबरासह लागतं. क्रिकेटच्या धावफलकाला षटकागणिक नोंद जोडल्यावर जसा डाव समजतो, तसा या शीटवरून सामन्याचा प्रवाह समजतो. सातव्या सामन्याचा असा कागद असता तर ८७-८३ नंतर एकाच नंबराच्या माणसाचे सलग सहा गुण लगेच दिसले असते. चुकलेले २५ फटके दिसले नसते.

म्हणून आपल्याकडच्या कोचना माझं एक सुचवणं आहे. शीटच्या शेजारी एका साध्या वहीत एका मुलाला बसवा आणि त्याला दोनच गोष्टी मोजायला सांगा: रेषेच्या आतून घेतलेले फटके आणि त्यातले पडलेले, खेळाडूगणिक. त्याला कॅमेरा लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. थ्री पडतात की नाही हे बाकावरच्या सगळ्यांना कळत असतंच. आतले ले-अप किती सुटले हे सामना संपल्यावर कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि आपल्या आंतरशालेय सामन्यांत तर पराभव हटकून तिथेच सापडतात.

वॉरिअर्सनी काय केलं

४ जुलै २०१६ ला, सातव्या सामन्यानंतर पंधरा दिवसांनी, दुसऱ्या संघातला स्टार केव्हिन ड्युरंटने वॉरिअर्सकडे येत असल्याचं जाहीर केलं. त्या उन्हाळ्यात लीगची पगारमर्यादा ७ कोटी डॉलरवरून थेट ९ कोटी ४० लाखांच्या पुढे गेली होती, त्यामुळे हे शक्य झालं. त्याला जागा करण्यासाठी बार्न्स आणि बोगट दोघांनाही सोडावं लागलं, दोघेही डॅलसला गेले. इझेली पोर्टलंडला गेला. २३ पैकी ६ च्या हिशेबातली दोन मोठी नावं आणि जायबंदी सेंटर, तिघे एका महिन्यात संघाबाहेर. ज्या जागी बचावपटू बार्न्सला मोकळं सोडत होते, त्या जागी आता ड्युरंट उभा होता.

पुढच्या मोसमात वॉरिअर्सचे सामन्यागणिक थ्री १३.१ वरून १२ पर्यंत उतरले. दोन गुणांच्या फटक्यांचं यश ५५ टक्क्यांच्या पुढे गेलं. २०१७ च्या फायनलमध्ये समोर तोच कॅव्हेलिअर्सचा संघ होता. वॉरिअर्स ४-१ ने जिंकले, आणि ड्युरंटने सामन्याला सरासरी ३५.२ गुण केले.